फळीवर नसलेला नमुना

१

किंकाळी नाही, रडारड नाही. वरच्या मजल्यावर नुसतं कपाटाचं दार वाजत होतं. उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

खाली मेणाच्या कढईपाशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी पळी हातातच धरून वर पाहिलं. खाली मेणबत्त्यांचा कारखाना आणि वर घर, त्यामुळे वर कुणी शिंकलं तरी खाली कळायचं, आणि बाईंना ते कळलेलं आवडायचं.

"अगं, बिजागऱ्या फुकट येतात का घराला?"

दार वाजायचं थांबलं. उत्तर मात्र आलं नाही. बाईंनी विचारावं आणि उत्तर येऊ नये, असं त्या घरात होत नसे. त्यांनी पळी ठेवली, ओला फडका खांद्यावर टाकला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत जिना चढल्या.

थोरल्याची बायको जमिनीवर बसली होती. आठवडाभर माहेरी राहून ती त्याच सकाळी परतली होती. बॅग दाराशी तशीच बांधलेली, कपाट सताड उघडं.

"माझा डबा गेला," ती म्हणाली.

"कसला डबा?"

तिने रिकाम्या खणाकडे बोट केलं.

"आत काय होतं?"

"माझं होतं."

"ते कळलं गं. तुझ्या कपाटात शेजारणीचं कशाला असेल? काय होतं, ते विचारतेय."

सुनेने मान वर केली आणि बाईंना पुढचा टोमणा गिळावा लागला. वस्तू हरवलेल्या माणसाचा चेहरा बाईंनी पुष्कळदा पाहिला होता. हा तसा नव्हता. हा चेहरा कुणीतरी भर बाजारात उघडं पाडलेल्या माणसाचा होता.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. त्या बाईंच्या नणंद. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परतल्या त्या परतल्याच. का परतल्या हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढचा सगळा जन्म याच घरात, याच जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून गेला.

"काय गेलं? दागिन्यांचा डबा? तरी मी म्हणत होते वहिनी, पॅकिंगच्या बायकांना वर येऊ देऊ नका!" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी जिन्यावरून खाली हाकाटीही केली, "दागिने गेले हो, दागिने!"

सुनेला त्याचं काहीच वाटलं नाही. ती बाईंकडेच बघत होती.

"आई, मी बाबांना फोन केलाय. परवा येतायत न्यायला." मग हळूच म्हणाली, "या वेळी परत पाठवू नका म्हणून सांगणार आहे त्यांना."

२

बाईंच्या घराचा एक नियम होता: न्हाणीघर सोडलं तर कुठल्याही दाराला आतून कडी नाही, कुठल्याही कपाटाला कुलूप नाही. नवरा गेल्यावर दोन लहान मुलं आणि एक कर्जबाजारी कारखाना त्यांनी एकटीने ओढला होता, तो याच जोरावर. "माझ्या घरात कुणाला काही लपवावं लागत नाही," असं त्या आल्यागेल्याला छाती पुढे काढून सांगत. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा भीत भीत कडीचं विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "का? आत नोटा छापणार आहेस?" विषय तिथेच संपला होता.

आता त्या उघड्या कपाटासमोर उभ्या राहून बाईंनी नजर फिरवली. शाळा त्यांनी चार यत्तांवर सोडली, पण साच्यातून निघालेल्या मेणबत्तीतला केसाएवढा चरा त्यांना लांबून दिसे.

वरच्या खणात सोन्याची साखळी होती, समोरच. चोराला ती दिसली नाही? नोटाही होत्या. खालच्या खणात कपड्यांच्या घड्या, जशाच्या तशा. त्यातल्या एका घडीआडून दोन गोल डोळे बाईंकडे बघत होते. त्या दचकल्या. हात घातला तर कागदात अर्धवट गुंडाळलेलं एक लाकडी घुबड निघालं. चांगलं मुठीएवढं.

"हे गं काय?"

"भाऊजींसाठी," सून म्हणाली. "नमुना म्हणून. माहेरी निघताना त्यांना सांगितलंही होतं, कपाटात ठेवलाय, घेऊन जा. नेलाच नाही त्यांनी."

"कपाटात घुबड ठेवल्यावर आणखी काय व्हायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

नमुन्याची गोष्ट अशी, की त्या घरात बाहेर गेलेलं माणूस रिकाम्या हाताने परत येत नसे. समुद्रावरचा गुळगुळीत गोटा म्हणा, मोडकं खेळणं म्हणा, काचेच्या बाटलीचं बूच म्हणा, जे साच्याला बरं दिसेल ते धाकट्याला आणून द्यायचं. धाकटा त्यावर प्लास्टर ओतून साचा करी, आणि नमुना खालच्या लांब फळीवर कायमचा जाऊन बसे. कारखान्यातल्या प्रत्येक मेणबत्तीची आई त्या फळीवर होती.

बाईंनी कपाटाचं दार मिटून घेतलं आणि मुठीजवळ त्यांना एक पांढरा ओरखडा दिसला. भुकटीची बोटं पुसल्यासारखा. त्यांनी खांद्यावरच्या ओल्या फडक्याच्या टोकाने तो पुसून घेतला आणि आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंच्या गळ्यावर पावडरचे थर होते. सकाळ-संध्याकाळ त्या पावडर अशी लावत, की खुर्चीतून उठल्या की खुर्चीही गोरी दिसे.

"वन्सं, तुम्ही या आठवड्यात या खोलीत आला होता?"

"मी? मला काय करायचंय इथे येऊन?" आत्याबाईंनी आवाज चढवला. "पण सांगूनच टाकते वहिनी. डब्यात काय असणार, मला ठाऊक आहे. गोळ्या! मूल न होण्याच्या. एवढी वर्षं झाली, पाळणा हलत नाही तो काय उगीच? थोरल्यासाठी दुसरी मुलगी बघा म्हणून मी कधीची सांगतेय."

सुनेच्या अंगावर जणू कुणी गार पाणी ओतलं. बाईंनी आत्याबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं, दार लोटलं आणि पाठ दाराला लावून उभ्या राहिल्या, कारण कडी नव्हती.

"गोळ्या होत्या?"

"नाही."

"मग तू काय एका डब्यासाठी घर सोडून चाललीस?"

"डब्यासाठी नाही." सून इतकं हळू बोलली, की बाईंना वाकावं लागलं. "डबा कुणी नेला, यासाठी चाललेय. त्यात काय होतं हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आई. तुमच्या मुलाला."

३

थोरला कारखान्याच्या मागच्या खोलीत ऑर्डरची खोकी बांधत बसला होता. खोलीत कोपऱ्यात गादी गुंडाळून ठेवलेली. बरेच महिने झाले, तो तिथेच झोपे. "कढईवर लक्ष राहतं," असं सांगे. कढई काय गाईसारखी विणार होती, की तिच्यावर लक्ष ठेवावं? बाईंना ते पटलं नव्हतं, पण मुलगा कामसू आहे या अभिमानात त्यांनी ते पटवून घेतलं होतं.

"बायकोचा डबा तू फेकलास?"

त्याच्या हातातली सुतळी सुटली. "गेला? कधी?"

"मला विचारू नको, मी तुला विचारतेय."

"मी हात लावला नाही आई. शप्पथ." मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तिला वाटतंय मी फेकला?"

"आणखी कुणाला ठाऊकच नव्हतं म्हणे."

तो बसलाच. चांगला दांडगा, खांद्यावर मेणाची पोती वाहणारा गडी, आणि कान लाल झालेले.

"काय होतं रे त्यात?"

"ते मी नाही सांगणार. तिचं आहे ते."

बाईंना राग आला, आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. "वन्सं म्हणतात गोळ्या असतील."

"आत्याला सांग, गप्प बस म्हणावं!" तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "तिची काही चूक नाही आई. माझीही नाही. कुणाचीच नाही. म्हणूनच तर कुणावर चिडताही येत नाही." तो सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "ती फार मेहनत घेत होती. एकटीने. मी नुसता इथे येऊन झोपायचो. तिला त्रास नको म्हणून यायचो, आणि तिला वाटायचं मी कंटाळलो. आता डबा गेला, तर तिला तसं वाटणारच."

"मग जा की, सांग तिला!"

"सांगितलं तर खरं वाटेल?"

बाईंनी कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गादीकडे पाहिलं. त्यांना एक गोष्ट मात्र लख्ख कळली. डब्यात काय होतं, हे नाही कळलं तरी चालेल. तो कुणी नेला, हे परवाच्या आत कळायला हवं. नाहीतर खोटं असूनही ते खरं ठरणार, आणि सोन्यासारखी दोन माणसं आपापल्या वाटेने जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर बाईंनी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला फडका ओढला, आणि हात तसाच थांबला. फडका वाळून मऊ होता. एक टोक मात्र दगडासारखं कडक झालं होतं.

४

पावडर ओली केली की तिचा चिखल होतो, आणि वाळली की पुन्हा भुगा. ती दगड होत नाही. ओलं करून दगड होणारी पांढरी भुकटी त्या घरात एकच होती. प्लास्टर.

म्हणजे आत्याबाई सुटल्या. बाईंना मनातून थोडं वाईटच वाटलं. पॅकिंगच्या मावशी सुटल्या, त्यांचा संबंध कागदाशी. थोरल्याचा संबंध मेणाशी. मेणाचा हात लागला तर डाग तेलकट पडतो. उरला धाकटा.

पण धाकटा? लग्न ठरत नाही म्हणून आरशाशी भांडणारा, वहिनीचा शब्द खाली पडू न देणारा धाकटा, आणि चोरी? शिवाय तो तीन दिवसांपूर्वी नव्या मेणबत्त्या घेऊन गिऱ्हाइकांना दाखवायला बाहेरगावी गेला होता. संध्याकाळी यायचा होता. त्याला इथली हाकाटी ठाऊकही नव्हती.

बाई विचार करत खाली आल्या, तर पॅकिंगच्या मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"बाई, आधी एक सांगा. दागिन्यांचा आळ माझ्यावर आहे का?"

"नाही. असता तर मी तोंडावर बोलले असते."

"ते खरं." मावशींचा आवाज खाली आला. "मग आता या धाकट्या मालकांच्या नव्या मेणबत्त्या कशा बांधू ते सांगा. बूडच नाही यांना! उभ्या केल्या की आडव्या."

थंड करायच्या ताटात पाचपाचांचे संच पडले होते. पांढरे, गुळगुळीत. ना नक्षी, ना वळण. टोकाला गोल. पहिली करंगळीएवढी, दुसरी तिच्याहून थोडी जाड, तिसरी आणखी, अशा चढत गेलेल्या.

"कुठल्या नमुन्यावरून केल्यात या?"

"मला काय ठाऊक. फळीवर शोधलं मी, सापडला नाही."

बाईंनी लांब फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. गोटे होते, बुचं होती, खेळणी होती. या पाचजणींची आई कुठे नव्हती.

आणि मग त्यांना वरच्या कपाटातलं घुबड आठवलं. 'कपाटात ठेवलाय, घेऊन जा. नेलाच नाही त्यांनी.'

नेला नाही? की नेला, पण भलताच नेला?

बाईंनी ताटातली सगळ्यात लहान मेणबत्ती उचलली. ही पेटवायची वस्तू नव्हे. पेटवायच्या वस्तूला बूड लागतं. मग हिचा घाट कशासाठी? पोरं जन्माला घातलेली बाई होती ती. मेणबत्ती तळहातावर फिरवता फिरवता त्यांचा हात आपोआप मिटला, जसं काही कुणी बघेल.

"मावशी, ही ताटं झाकून ठेवा. कुणी विचारलं तर मेण बिघडलंय म्हणा."

"आणि तुम्ही कुठे निघालात?"

"माझं पोट दुखतंय," असं सांगून बाई ताठ मानेने बायकांच्या डॉक्टरिणीकडे निघाल्या.

५

डॉक्टरीण बाईंच्या ओळखीची होती. सूनही पाठदुखीचं नाव सांगून तिच्याकडेच जाई. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या रुमालाची गाठ सोडली आणि मेणबत्ती टेबलावर ठेवली.

"वात सोडून बाकी हे काय आहे, तेवढं सांगा. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

डॉक्टरिणीने मेणबत्तीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि एकदम हसायला आलेलं तिने खोकून घालवलं.

"कुणाचं नाव तुम्ही घेतलंत तरी मी बोलणार नाही, हे आधी सांगते. माझ्याकडे कोण येतं, कशासाठी येतं, ते या भिंतींच्या बाहेर जात नाही. सासूकडे तर नाहीच."

"मला नकोच आहे ते. मला वस्तू कळू दे. वस्तूला सासू असते का?"

डॉक्टरिणीने मेणबत्ती बाजूला सरकवली. मग तिने बोट पुढे केलं आणि बाईंच्या डोळ्याजवळ झपकन नेलं. बाईंची पापणी मिटली.

"का मिटलीत?"

"मी कुठे मिटले? ती मिटली!"

"बस. तसंच आहे. काही बायकांच्या खालच्या अंगाचे स्नायू असेच आपोआप आवळतात. नवरा जवळ आला की. कधी तपासायला गेलं तरी. त्या आवळत नाहीत, ते आवळतं. मनात प्रेम असतं, इच्छा असते, तरी दार मिटतं, आणि जबरदस्ती केली तर जीव जाईल असं दुखतं. मग पुढच्या वेळी नुसत्या धास्तीनेच आणखी घट्ट."

"आणि हे?"

"हे औषध. अगदी लहानापासून सुरुवात. बाईने स्वतः, स्वतःच्या हाताने, सोबत एक गुळगुळीत मलम, सावकाश श्वास. शरीराला शिकवायचं की भिऊ नकोस, इथे दुखणार नाही. एक जमलं की पुढचं. महिने लागतात. पण बहुतेकजणी बऱ्या होतात, संसार करतात, ज्यांना हवं त्यांना मुलंही होतात. फक्त एक लागतं." ती थांबली. "निवांतपणा. कुणी दार ढकलून आत येणार नाही, याची खात्री. ती नसेल तर महिन्यांचं काम एका दचकण्यात वाया जातं."

बाईंच्या डोळ्यांपुढे घरातली सगळी बिनकडीची दारं एकामागून एक उघडली.

"नवरे काय करतात अशा बायकांचे?" त्यांनी विचारलं.

"चांगले असतात ते घाबरतात. आपण दुखवतोय असं वाटून त्यांचंही अंग माघार घेतं, ऐन वेळी साथ देत नाही. मग ते लांब झोपायला लागतात. एका पांघरुणाखाली दोन भेदरलेली माणसं, आणि दोघांनाही वाटतं दुसरा रागावलाय. त्यावरही इलाज आहे. दोघांनी मिळून यावं लागतं."

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"होतं. बोलायला जागा नव्हती. पोरी गुपचूप माहेरी परत यायच्या, आणि लोक म्हणायचे, नवऱ्याने टाकली."

बाईंचा रुमाल गुंडाळणारा हात थांबला. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेली एक बाई, गळ्यावर पावडरचे थर लावून, जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोचकारत बसलेली. डॉक्टरिणीला त्या बाईचं काही ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं. पण आता एक प्रश्न मात्र होता, आणि तो कधीच कुणी विचारला नव्हता.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "समजा कुणी मूर्खाने या वस्तूवर प्लास्टर ओतलं. पुन्हा वापरता येईल?"

आता मात्र डॉक्टरीण मोठ्याने हसली. "नको. नवा संच घ्यायला सांगा. बाहेर औषधांच्या खिडकीवर मिळतो."

"सांगते कशाला? मीच घेते," असं म्हणून बाई खिडकीशी गेल्या, आणि मागे रांगेत चारचौघी उभ्या असताना, आयुष्यात कधी कुठली गोष्ट हळू आवाजात मागितली नव्हती त्या बाईने खिडकीत तोंड घालून कुजबुजत ती मागितली.

६

धाकटा संध्याकाळी आला तो उड्या मारतच.

"आई, हॉटेलवाला खूश! साधा, गुळगुळीत, नवा घाट म्हणाला. प्रत्येक टेबलावर वाळूच्या वाटीत पाचांचा संच खोचणार आहे!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्याला प्लास्टरच्या खोलीत नेलं.

"नमुना कुठून आणलास?"

"वहिनीने ठेवला होता ना. कपाटात आहे, घेऊन जा म्हणाली. वरच पांढरा डबा होता. आणि आई, वहिनीचं डोकं बघ, साच्यातून नमुना अलगद सुटावा म्हणून आत मलमही ठेवलं होतं! काय झक्क सुटतात!"

त्याच्या चेहऱ्यावर चोरीची सावलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने डबा उघडला असता तर गोंधळून परत मिटला असता. या घरात जन्मलेल्याला मात्र जगातली प्रत्येक गुळगुळीत वस्तू म्हणजे न ओतलेली मेणबत्ती.

"तो नमुना नव्हता रे, दिवट्या. तुझा नमुना घुबड होतं."

"मग ते काय होतं?"

"परक्याचं होतं. परक्याचा घाट आपण विकत नाही. साचे फोड, मेण कढईत टाक, डबा मला आणून दे. हॉटेलवाल्याला सांग, प्रत्येक टेबलावर घुबड बसेल."

"घुबड? आई, अगं लोक जेवायला येतात तिथे!"

"मग लवकर जेवून उठतील, टेबलं रिकामी होतील. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचे वडील आले. दिवाणखान्यात सगळे जमले. थोरला भिंतीला टेकून, सून बॅगेजवळ, धाकटा दाराशी, मावशी चहाचा ट्रे घेऊन. आत्याबाई मधोमध.

"नेताय तर न्या," आत्याबाईंनी सुरुवात केली. "पण दागिने कुणी नेले याचा छडा लागू दे आधी. नाहीतर उद्या म्हणाल, सासरच्यांनीच लंपास केले."

"छडा लागलाय," बाई म्हणाल्या.

मावशी ट्रे घेऊन जागीच थांबल्या. सुनेचे डोळे थोरल्याकडे गेले. थोरल्याने डोळे मिटून घेतले.

बाईंना सगळं सांगता आलं असतं. फडक्याचं टोक, घुबड, बूड नसलेल्या मेणबत्त्या, एकेक दुवा असा चोख बसला होता, की सांगताना त्यांची छाती फुगली असती. आणि बाईंना छाती फुगवायला आवडायचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"डबा मी नेला," बाई म्हणाल्या.

ट्रेमधले कप वाजले.

"तुम्ही?" आत्याबाई किंचाळल्या. "वहिनी, तुम्ही?"

"मी. सून माहेरी होती. कपाट आवरायला गेले, डबा दिसला, उचलून माझ्या खोलीत नेला आणि विसरले. तिला न विचारता तिच्या वस्तूला हात लावला. चूक झाली." त्यांनी सुनेच्या वडिलांपुढे हात जोडले. "आमच्या घरात तुमच्या मुलीला अपमान वाटला, तो माझ्यामुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही. थोरल्यामुळे तर मुळीच नाही."

मोठ्या बाईंनी चूक कबूल केलेली त्या घराने कधी ऐकली नव्हती. धाकट्याने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की ते तसंच मिटलं.

७

वर खोलीत बाईंनी सुनेला आणि थोरल्याला समोर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. घुबडाचं सांगितलं. हॉटेलच्या टेबलांचं सांगितलं. ते ऐकताना सून आधी पांढरी पडली, मग लाल झाली, आणि मग तिने तोंडावर हात दाबला. ती रडतेय असं वाटून बाई घाबरल्या. ती हसत होती. हसता हसता रडत होती. थोरल्याने तिचा हात धरला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

"म्हणजे खरंच तुम्ही नव्हता," ती त्याला म्हणाली.

"अगं, मी तर रोज विचारायचं म्हणायचो, कितव्यापर्यंत आलीस म्हणून. धीर व्हायचा नाही."

"तिसऱ्यापर्यंत," ती म्हणाली, आणि मग सासू समोर आहे हे आठवून तिने मान खाली घातली. "आई, तुम्हाला... सगळं कळलं?"

"मला काय कळतंय? मी चार यत्ता शिकलेली." बाईंनी नवा डबा तिच्या मांडीवर ठेवला. "धाकट्याला नमुन्यापलीकडे काही ठाऊक नाही, आणि कळणारही नाही. डॉक्टरीण म्हणते, पुढच्या खेपेला दोघांनी मिळून या. ए, तू पण. ती गादी वर आण. कढईला काही होत नाही."

मग त्यांनी शालीखालून एक पितळी कडी, चार स्क्रू आणि धाकट्याच्या पेटीतला पेचकस काढला. थोरला उठला, "दे, मी लावतो."

"बस खाली. मी बसवलेला नियम आहे, मीच काढणार."

कडी जराशी वाकडी बसली. पण बसली.

सुनेचे वडील चहा पिऊन एकटेच परत गेले. दुपारी बाई जिना उतरत होत्या, तेव्हा मागे वरच्या खोलीचं दार मिटलं. पाठोपाठ पितळेचा छोटासा आवाज आला. कट्.

जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या आत्याबाई ताडकन उठल्या. "वहिनी! ऐकलंत? दिवसाढवळ्या आतून कडी! तुमच्या घरात!"

बाई रोजच्यासारखं काहीतरी खरपूस बोलणार होत्या. त्याऐवजी त्या शेवटच्या पायरीवर, नणंदेच्या खुर्चीजवळ बसल्या.

"वन्सं, तुमच्या सासरी होती का हो कडी? तुमच्या खोलीला?"

आत्याबाईंचा उठलेला हात तसाच राहिला. पलीकडे कढईत मेण टाकल्याचा चर्र आवाज झाला आणि विरला. त्या हळूहळू परत खुर्चीत बसल्या.

"होती," त्या म्हणाल्या. "बाहेरून."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, पुढे काही विचारलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, त्या स्वतःहून बोलेपर्यंत.